फंड उचलण्यापूर्वी एवढं ऐका

(चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर येथे जुलै २०२५ मध्ये कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)





आपल्या बैठकांमध्ये शिक्षणावर बोललं जातं, आरोग्यावर, संविधानावर बोललं जातं. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र कुणी बोलत नाही. ती चिठ्ठी घरी येते, हातात पडलेला आकडा तेवढा बघितला जातो आणि कागद खिशात चुरगळून जातो. आज मला त्या कागदाच्या उजव्या बाजूच्या रकान्याबद्दल बोलायचं आहे. तिथे लिहिलेलं असतं, किती कापले आणि कशासाठी.

मी एकवीस वर्षं इथल्याच एमआयडीसीत हजेरी आणि पगाराच्या टेबलावर काम केलं. आता लोकांना रिटर्न भरायला, फंडाचे अर्ज करायला मदत करते. या कामात मला दोन प्रश्न सगळ्यात जास्त विचारले जातात. पहिला, "बाजी, टॅक्स कसा वाचवायचा?" दुसरा, "फंड कधी निघेल?" मी आज सांगणार आहे ते असं, की आपल्यातल्या बहुतेकांसाठी पहिला प्रश्न आता जवळजवळ संपला आहे, आणि दुसरा प्रश्न उलटा विचारायची वेळ आली आहे. फंड कधी निघेल हे विचारण्याऐवजी फंड टिकेल कसा, हे विचारा.

कर: बहुतेकांना आता लागतच नाही

आयकराच्या आज दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी. जुन्या पद्धतीत वजावटी आहेत. पीएफ, पीपीएफ, विमा, मुलांची शाळेची फी मिळून कलम ८० सीखाली दीड लाख, एनपीएसचे वेगळे पन्नास हजार, आरोग्य विमा, घरकर्जाचं व्याज, घरभाडं. नव्या पद्धतीत यातलं जवळजवळ काही नाही, पण दर कमी आहेत. तुम्ही काही सांगितलं नाही तर तुम्ही आपोआप नव्या पद्धतीत धरले जाता.

२०२५ च्या फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत मोठा बदल केला. २०२५-२६ या वर्षासाठी बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य. पगारदाराला ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन वेगळी मिळते, म्हणजे पावणेतेरा लाख पगारापर्यंत कर नाही. शेअरच्या किंवा लॉटरीच्या नफ्याला वेगळे दर आहेत, त्यांना ही सवलत लागत नाही. आणि एक ध्यानात ठेवा, २०२५ मध्ये जे रिटर्न भरलं गेलं ते त्याआधीच्या वर्षाचं, २०२४-२५ चं होतं. त्याला सात लाखांची मर्यादा लागू होती, पगारदाराला पावणेआठ लाख. त्याची मुदत २०२५ मध्ये १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती.

आता हिशेब करू. समजा, एका ऑपरेटरचा वर्षाचा पगार चार लाख वीस हजार आहे. नव्या पद्धतीत कर शून्य. जुन्या पद्धतीतही शून्य, कारण तिथे पाच लाखांपर्यंत सवलत आहे. तरी दर मार्चमध्ये कुणीतरी ओळखीचा एजंट घरी येतो आणि "टॅक्स वाचेल" म्हणून वीस वर्षांची विमा पॉलिसी गळ्यात मारतो. जो कर लागतच नाही तो वाचणार कसा? दोन हप्ते भरायचे, तिसरा जमत नाही, पॉलिसी बंद पडते आणि भरलेले पैसेही बहुतांशी बुडतात.

दुसरं उदाहरण. सुपरवायझरचा पगार नऊ लाख. नव्या पद्धतीत शून्य. जुन्या पद्धतीत दीड लाखाची पूर्ण वजावट घेऊनही ५४,६०० रुपये कर होतो. इथे निवड सरळ आहे.

तिसरं उदाहरण पंधरा लाखांच्या इंजिनिअरचं. नव्या पद्धतीत उपकर धरून ९७,५०० रुपये. जुन्या पद्धतीत त्याने दीड लाख ८० सीचे, पन्नास हजार एनपीएसचे, पंचवीस हजार आरोग्य विम्याचे आणि घरकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, असं सगळं दाखवलं तरी १,२४,८०० होतात. घरकर्जासोबत मोठं घरभाडंही दाखवता येत असेल, अशा थोड्यांनाच जुनी पद्धत परवडते. त्यांनी दोन्हीकडून हिशेब मांडून बघावा.

नव्या पद्धतीत एक दरवाजा मात्र उघडा आहे आणि फार थोडे लोक तो वापरतात. कलम ८० सीसीडी (२). कंपनीने तुमच्या नावाने एनपीएसमध्ये पैसे भरले तर बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. समजा पगार साडेतेरा लाख, त्यात बेसिक पावणेसात लाख. काहीच केलं नाही तर कर ७४,१००. कंपनीने १४ टक्के, म्हणजे ९४,५०० रुपये, तुमच्या पॅकेजमधूनच एनपीएसकडे वळवले तर करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या खाली येतं आणि कर शून्य होतो. हातात येणारा पगार तेवढ्याने कमी होतो हे खरं, पण ९४,५०० तुमच्याच खात्यात राहतात आणि ७४,१०० वाचतात. शेंद्रा, वाळूज, चिकलठाण्यात या पगारावर आपली शिकलेली मुलं आज आहेत. त्यांनी उद्या एचआरला एवढंच विचारावं, "कॉर्पोरेट एनपीएसची सोय आहे का?"

खोटा रिफंड घेऊ नका

काही एजंट सांगतात, "कापलेला सगळा टॅक्स परत काढून देतो, मला वीस टक्के द्या." मग न दिलेलं घरभाडं, न झालेला आजार, न दिलेली राजकीय पक्षाची देणगी रिटर्नमध्ये दाखवली जाते. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने अशा प्रकरणांत देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचं ठरलं तर कर आणि व्याज तर भरावंच लागतं, वर कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. रिटर्नवर नाव तुमचं असतं. नोटीस तुमच्या नावाने येते आणि तोवर एजंटाचा फोन बंद असतो. चुकीचं भरलं गेलं असेल तर मुदतीत सुधारित रिटर्न भरता येतं. ते भरा.

आणि कर शून्य असला तरी रिटर्न भरत जा. घरकर्ज, दुकानासाठी कर्ज, परदेशी शिकायला निघालेल्या मुलाचा व्हिसा, सगळीकडे तीन वर्षांची रिटर्न मागतात. तोंडी कमाईला बँक ओळखत नाही.

मग बचत कशासाठी?

गेली तीस-चाळीस वर्षं आपल्याकडे बचत म्हणजे "टॅक्ससाठी" असं समीकरण होतं. कर वाचवण्याच्या भीतीने का होईना, मध्यमवर्गाच्या घरात पीपीएफचं पासबुक आलं. आता ती भीती गेली. माझी काळजी ही आहे, की कर गेला तशी बचतही जाईल.

आपली मुलं कॅनडात जायला लागली आहेत, म्हणून तिथलं सांगते. तिथे १९५७ पासून निवृत्ती बचतीचं एक खातं आहे, आरआरएसपी. मागच्या वर्षाच्या कमाईच्या १८ टक्क्यांपर्यंत, एका ठरलेल्या कमाल मर्यादेत, त्यात पैसे घातले की तेवढं उत्पन्न करातून वजा होतं. कर लागतो तो म्हातारपणी पैसे काढताना. दुसरं खातं २००९ मध्ये आलं, टीएफएसए. त्यात घालताना सवलत नाही, पण वाढलेल्या पैशावर आणि काढताना कर नाही. दोन्हीत एक चांगली गोष्ट आहे. यंदा मर्यादेइतके पैसे घालता आले नाहीत तर उरलेली जागा पुढच्या वर्षांत वापरता येते. आपल्याकडे ३१ मार्च गेला की त्या वर्षाची वजावट संपली.

आता आपल्या फंडाकडे बघा. नव्या पद्धतीत तुमच्या वाट्याला वजावट नाही. पण मालक जो बारा टक्के वाटा भरतो तो तुमच्या उत्पन्नात धरला जात नाही, सर्वसाधारण कामगाराच्या फंडावरचं व्याज करमुक्त आहे आणि पाच वर्षांची सेवा झाल्यावर काढलेली रक्कमही करमुक्त आहे. म्हणजे वजावट गेली तरी फंड हा आजही कामगाराला मिळणारा सगळ्यात चांगला व्यवहार आहे. कॅनडातल्या माणसाला खातं स्वतः उघडावं लागतं. तुमचं खातं कायद्यानेच उघडलेलं आहे. तुम्हाला फक्त ते मोडायचं नाही.

फंडाचा हिशेब

भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना तो लागू आहे. समजा बेसिक पंधरा हजार. तुमचे बारा टक्के, १,८०० रुपये कापले जातात. मालकही १,८०० भरतो. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० फंडात. म्हणजे दरमहा फंडात २,३५० जमा होतात. २०२४-२५ साठी व्याज सव्वाआठ टक्के आहे. दर दरवर्षी ठरतो, पण हिशेबापुरता हाच धरू, आणि पगारही वाढला नाही असं धरू.

तीस वर्षं हात लावला नाही तर शेवटी चौतीस लाखांच्या पुढे रक्कम होते. भरलेले एकूण ८ लाख ४६ हजार, त्यातले तुमच्या पगारातून गेलेले ६ लाख ४८ हजार. बाकीचं काम वेळेने केलं.

आता तोच कामगार, तीच तीस वर्षं, पण दर पाच वर्षांनी कंपनी किंवा ठेकेदार बदलला की फंड उचलतो. प्रत्येक वेळी पावणेदोन लाखांच्या आत रक्कम मिळते. एकदा मोटारसायकल, एकदा बहिणीचं लग्न, एकदा घराचा स्लॅब. अठ्ठावन्नाव्या वर्षी हातात काय? शेवटच्या पाच वर्षांचे १ लाख ७२ हजार. पहिल्या पाच वर्षांचे तेवढेच पैसे पुढची पंचवीस वर्षं तसेच राहिले असते, तर त्या एका गठ्ठ्याचे साडेबारा लाख झाले असते. पंचविशीत घेतलेल्या मोटारसायकलची खरी किंमत ही आहे.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, बाजी, हौस म्हणून कोण उचलतं? दवाखान्यासाठी उचलावा लागतो. बरोबर आहे. आजारपणासाठी, घरासाठी, शिक्षणासाठी, लग्नासाठी नियमात आगाऊ रक्कम काढण्याची सोय आहे आणि ती वापरण्यात काही चूक नाही. लागेल तेवढंच काढा आणि खातं चालू ठेवा. पूर्ण हिशेब करून घेणं वेगळं. जुलै २०२५ च्या नियमाप्रमाणे नोकरी सुटून दोन महिने झाले की सगळी रक्कम काढता येत होती, आणि आपल्याकडे बरेच जण दोन महिने संपायचीच वाट बघत. जून २०२५ पासून पाच लाखांपर्यंतचे आगाऊ रकमेचे अर्ज संगणकच मंजूर करतो, तेही तीन दिवसांत. सोय चांगली आहे. पण काढणं सोपं झालं की मन घट्ट करावं लागतं.

पाच वर्षांच्या आत फंड काढला तर त्यावर करही लागू शकतो. रक्कम पन्नास हजार किंवा जास्त असेल तर पॅन असतानाही दहा टक्के आधीच कापले जातात. पाच वर्षं मोजताना आधीच्या कंपनीची सेवा धरली जाते, पण कधी? जुनं खातं नव्याला जोडलं असेल तेव्हा. म्हणून कंपनी बदलली की पहिलं काम, जुना फंड नव्या खात्यात वळवणं. यूएएन नंबर एकच ठेवा. नव्या ठेकेदाराने "नवीन काढतो" म्हटलं तर "माझा आहे" असं सांगून जुना द्या.

पेन्शन: दहा वर्षांची रेघ

मालकाच्या वाट्यातले १,२५० रुपये कर्मचारी पेन्शन योजनेत जातात. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. दहा वर्षांची सेवा झाली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून जन्मभर पेन्शन मिळते. सूत्र सोपं आहे. पेन्शनसाठी धरला जाणारा पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. पंधरा हजार आणि तीस वर्षं धरली तर दरमहा ६,४२८ रुपये. वीस वर्षांच्या वर सेवा असेल तर दोन वर्षं वाढीव धरतात, मग ६,८५७ होतात.

रक्कम थोडी आहे, हे मी लपवत नाही. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजारावर अडकली आहे. ती साडेसात हजार करा म्हणून पेन्शनर देशभर आंदोलन करत आहेत, आपल्या शेजारच्या बुलढाण्यात त्यासाठी साखळी उपोषण चाललं. ती लढाई योग्य आहे आणि आपण तिच्यात असायला हवं. पण ज्याने आठव्या वर्षी फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे उचलले, त्याला वाढीव पेन्शन मंजूर झाली तरी काय उपयोग? तो यादीतच नाही. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली आणि पुढचं काही ठरलं नसेल तर पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घ्या. पुढे कुठेही फंडाची नोकरी लागली की सेवा जोडली जाते.

ठेकेदार, बेसिक आणि नावाचं स्पेलिंग

ठेक्यावर काम करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी सांगते.

पहिली. चिठ्ठीवर कापलेले दिसतात म्हणजे भरले असं नाही. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या नंबरला मिस्ड कॉल दिला की शेवटचा भरणा आणि शिल्लक एसएमएसने येते. महिन्यातून एकदा बघा. ठेकेदाराने कापून भरले नसतील तर तो गुन्हा आहे, आणि ठेका देणारी मूळ कंपनीही जबाबदार असते. तक्रार एकट्याने करायची भीती वाटते, नोकरी जाईल वाटतं. म्हणून दहा जणांनी मिळून करा.

दुसरी. काही ठिकाणी बेसिक मुद्दाम कमी दाखवतात आणि बाकी पगार निरनिराळ्या भत्त्यांच्या नावाने देतात, म्हणजे फंड कमी भरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ ला निकाल दिला आहे, की सगळ्यांना सरसकट दिले जाणारे भत्ते फंडासाठी बेसिकमध्येच धरायचे. हा निकाल माहीत असलेल्या कामगाराशी बोलण्याची पद्धत बदलते, हे मी टेबलाच्या पलीकडून बघितलं आहे.

तिसरी गोष्ट खास आपल्या लोकांची. आपली नावं. मराठवाड्यात आपण शेख अमुक शेख तमुक असं नाव लावतो. आधारवर शेख पुढे, पॅनवर शेख मागे, कंपनीच्या रजिस्टरला एकच शेख. इंग्रजीत शेखची तीन स्पेलिंगं. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसतं "मो." बायकांचं त्याहून अवघड. माहेरी बी, सासरी बेगम, आधारवर नुसतं नाव. संगणकाला हे सगळे वेगवेगळे लोक वाटतात आणि अर्ज परत येतो. माणूस वारला की मग बायको-मुलं दीड-दोन वर्षं कागद गोळा करत फिरतात. हयात असताना हे दुरुस्त करणं सोपं आहे. ऑक्टोबर २०१७ नंतर यूएएन निघाला असेल आणि आधार जोडलेलं असेल तर बरीचशी दुरुस्ती जानेवारी २०२५ पासून कंपनीच्या सहीशिवाय ऑनलाइन होते. त्याआधीचा असेल तर कंपनीमार्फत जॉइंट डिक्लरेशन भरावं लागतं. आधार, पॅन, बँक आणि फंड, चारही ठिकाणी एकच नाव करून घ्या.

बहिणींसाठी

आता बायकांनी नीट ऐकावं. फंडाच्या नियमात आहे, की लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झाल्यावर रद्द धरलं जातं, नवीन करावं लागतं. किती नवऱ्यांनी केलं आहे? वरातीच्या गडबडीत कुणाला आठवत नाही. कामावर असताना माणूस गेला तर विमा योजनेतून सात लाखांपर्यंत रक्कम मिळते, विधवा पत्नीला पेन्शन सुरू होते आणि पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना वेगळी मिळते. यासाठी दहा वर्षांची अट नाही. पण हे तिला माहीत असेल तर ना! यूएएन नंबर नवऱ्याच्या मोबाइलमध्ये, पासवर्ड त्याच्या डोक्यात. आज घरी गेल्यावर तो नंबर एका वहीत लिहून घ्या. मागायला संकोच करू नका, मागणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं नव्हे.

आणि ज्या मुली स्वतः पॅकिंगला, असेंब्लीला जातात, त्यांचा फंड लग्न ठरलं की उचलला जातो, दागिन्यांसाठी किंवा जेवणावळीसाठी. तो तिचा पैसा आहे. लग्नानंतर तिने नोकरी सोडली तरी खातं राहू द्या. तिच्या स्वतःच्या नावावर असलेली बहुधा ती एकच गोष्ट असते.

व्याजाचा प्रश्न

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. बरेच जण सांगतात, फंडावर व्याज असतं म्हणून मन मानत नाही, म्हणून काढून टाकतो. ज्याची श्रद्धा आहे त्याच्याशी मी वाद घालत नाही. एवढंच लक्षात आणून देते, की अनेक उलेमांनी सक्तीने कापला जाणारा फंड आणि स्वखुशीने वाढवून भरलेला फंड यांत फरक केला आहे. पहिल्यात रक्कम तुमच्या हातात आलेलीच नसते, म्हणून त्यावर मिळणारी वाढ ते रिबा मानत नाहीत. दुसऱ्याबाबत ते सावध राहायला सांगतात. ज्यांना शंका आहे त्यांनी जाणकाराला विचारावं, पण अर्धवट ऐकून म्हातारपण उघड्यावर टाकू नये. कारण फंड काढून तो पैसा जातो कुठे? बहुतेक वेळा खर्चात, नाहीतर जुनं कर्ज फेडण्यात, आणि ते कर्ज व्याजाचंच असतं.

मलेशियाचं उदाहरण बघा. तिथला कामगारांचा फंड १९५१ पासूनचा आहे. २०१७ पासून तिथे सभासदाला शरियतनुसार गुंतवणुकीचं वेगळं खातं निवडता येतं. आपल्याकडे फंडात तशी निवड नाही. तशी मागणी करायला हरकत नाही, ती मागणी नागरिक म्हणून करता येते. तोवर ज्यांना वरची बचत व्याजाबाहेर ठेवायची आहे, त्यांच्यासाठी टाटा एथिकल फंडासारखे शरियतच्या निकषांवर चालणारे म्युच्युअल फंड आहेत. बाजार वरखाली होतो, तेवढी जोखीम समजून घ्यावी.

ज्यांना फंडच नाही

मुकुंदवाडी, नारेगाव, मिसारवाडी इकडे रिक्षावाले आहेत, शिलाईकाम करणाऱ्या बाया आहेत, गॅरेजवाले, फेरीवाले आहेत. त्यांना ना टॅक्स, ना फंड. त्यांची बचत म्हणजे भिशी आणि थोडं सोनं. भिशी चांगली आहे, पण ती वर्षा-दीड वर्षाची सोय झाली. तीस वर्षांनंतरचं काय?

त्यांच्यासाठी अटल पेन्शन योजना आहे, २०१५ पासून. वय १८ ते ४०, आयकर भरणारा नको. साठीनंतर दरमहा एक ते पाच हजार पेन्शन. पाच हजारांसाठी अठराव्या वर्षी सुरू केलं तर महिना २१० रुपये, तिसाव्या वर्षी ५७७, चाळिसाव्या वर्षी १,४५४. उशिराची किंमत या तीन आकड्यांत दिसते. पेन्शनर गेला की जोडीदाराला तेवढीच पेन्शन मिळते. महिन्याला पंधरा हजारांपर्यंत कमाई असलेल्या असंघटित कामगारांसाठी २०१९ पासून श्रमयोगी मानधन योजनाही आहे. तिच्यात तुम्ही भराल तेवढेच पैसे सरकार भरतं आणि पेन्शन तीन हजार मिळते.

पण एक सांगते, आणि हे योजनेचं पत्रक सांगत नाही. महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर तीस वर्षांनंतरचे पाच हजार आजच्या नऊशे रुपयांएवढे असतील. म्हणून ही पेन्शन म्हणजे पाया समजा, घर नव्हे. दुकानदाराला जमेल त्याने पीपीएफ उघडावं. वर्षाला कमीत कमी पाचशे, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत पंधरा वर्षं, सध्या ७.१ टक्के, करमुक्त. आणि कर्जवसुलीत कोर्टाच्या हुकमानेही ते खातं जप्त होत नाही, हा व्यापाऱ्याला मोठा आधार आहे.

मुलगा म्हणजे पेन्शन नव्हे

शेवटचा मुद्दा. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि पुढे इथल्या वस्त्यांतली पहिली पिढी शेतातून कारखान्यात गेली. ते लोक आता म्हातारे झाले आहेत. त्यांना विचारा, घर कशावर चालतं? मुलावर. आणि मुलगा ठेक्यावर. त्याच्या पगारात त्याची मुलं, शाळा, भाडं आणि वर आई-बापाची औषधं. अब्बांचा फंड पस्तिशीतच उचलला गेला, म्हणून आज मुलाचा फंड अब्बांच्या डायलिसिसला उचलला जातो. मग नातवाचा कशाला जाईल, हे सांगायची गरज नाही. आई-वडिलांना सांभाळणं हे कर्तव्य आहेच. पण ज्या बापाच्या हातात स्वतःचे सहा हजार येतात, त्याला औषध मागताना मान खाली घालावी लागत नाही आणि सुनेलाही तो ओझं वाटत नाही. इज्जतीचं म्हातारपण असं बनतं.

तर या आठवड्यात चार कामं करा. मिस्ड कॉल देऊन शिल्लक बघा. चारही कागदांवरचं नाव एक करा. नॉमिनेशन भरा. जुना फंड नव्या खात्यात वळवा. ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांनी आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि पगाराची चिठ्ठी घेऊन यावं, आपली शिकलेली मुलं-मुली मागच्या टेबलांवर बसली आहेत, पैसे लागणार नाहीत. पासवर्ड आणि ओटीपी मात्र त्यांनाही देऊ नका, स्वतःच्या हाताने टाका.

आणि पुढच्या वेळी कंपनी सुटली आणि बोट त्या बटणावर गेलं, की एवढंच विचारा, अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कुणाकडे हात पसरायचा आहे?